छपरावर न चढता छप्पर पाहणं

पावसाळा तोंडावर आला की एक प्रश्न हटकून विचारला जातो : ड्रोन उडवला तर छप्पर कुठे गळतंय ते सापडतं का? विचारणाऱ्याने ड्रोन पाहिलेला असतो तो बहुधा लग्नात, वरातीवर घिरट्या घालताना. एवढं सगळं वरून दिसतं, तर गळकी जागाही दिसेलच, असं त्याला वाटतं.

सरळ उत्तर द्यायचं तर, गळती ड्रोनला दिसत नाही. पाणी छपरात एका जागी शिरतं, वाशावरून किंवा स्लॅबच्या पोटातून वाट काढत जातं आणि भलत्याच खोलीत टपकतं. ड्रोनला दिसतं ते सरकलेलं कौल, गंजलेला बोल्ट, तुंबलेलं पन्हळ, भेगेत रुजलेलं पिंपळाचं रोप. म्हणजे पाणी शिरू शकेल अशा जागा. त्यांतली खरी कोणती, हे ठरवायला खालची ओल आणि वरचा फोटो शेजारी ठेवून विचार करणारा माणूस लागतो. तरीही ड्रोन फार उपयोगाचा आहे. तो नेमका कशासाठी, हे समजून घ्यायला माळव्यातले धार आणि देवास हे दोन जिल्हे उत्तम.

इंदूरच्या एका अंगाला धार, दुसऱ्या अंगाला देवास. दोन्हीकडे पवारांची राज्यं होती. देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं एकाच गावात नांदली. थोरल्या पातीच्या महाराजांकडे १९२१ साली इ. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार खासगी चिटणीस म्हणून राहिला होता. नव्या राजवाड्याचं बांधकाम अजून संपलेलं नाही आणि आधी बांधलेला भाग ढासळायलाही लागला आहे, असं त्याने तेव्हा लिहून ठेवलं. आज या दोन जिल्ह्यांत मांडूचे पाचशे-सहाशे वर्षांचे घुमट आहेत, वाड्यांची आणि खेड्यांतल्या घरांची कौलं आहेत, नव्या वस्त्यांचे स्लॅब आहेत, पिथमपूरच्या कारखान्यांचे एकरभर पसरलेले पत्रे आहेत आणि दोन्ही जिल्ह्यांच्या औद्योगिक वसाहतींत चिमण्या आहेत. छपराचा असा प्रकार शोधावा लागेल जो इथे नाही.

१. पाहणं वेगळं, दुरुस्ती वेगळी

छपरावर माणूस दोन कामांसाठी चढतो. एक, काय झालंय ते पाहायला. दोन, झालेलं नीट करायला. दुसरं काम ड्रोन करत नाही. जेठात घर शाकारायचं तर कौलं हातानेच उतरवावी लागतात, फुटकी बाजूला काढावी लागतात, वासे तपासावे लागतात. पण पहिल्या कामासाठी होणारं चढणं ड्रोन वाचवू शकतो, आणि ते वाचवणं किती महत्त्वाचं आहे हे दोन प्रकारच्या छपरांवरून कळेल.

पहिलं नळीच्या कौलांचं छप्पर. या कौलांना माळव्यात कवेलू म्हणतात. ही कौलं एकमेकांवर नुसती टेकलेली असतात. पाहायला चढलेल्या माणसाच्या पायाखाली त्यांतली काही फुटतात, काही सरकतात. म्हणजे तपासणीतूनच नवी गळती तयार होते. मंगलोरी कौल त्यापेक्षा दणकट. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला त्याचा कारखाना काढला आणि पुढे ते देशभर पसरलं. पण जुनं मंगलोरी कौलही भर उतारावर माणसाचं वजन घेईलच, याची खात्री नसते.

दुसरं छप्पर सिमेंटच्या पत्र्यांचं, आणि ते खरोखर घातक आहे. ऊन-पाऊस खाऊन हे पत्रे ठिसूळ होतात, पण दिसायला मात्र धड दिसतात. शेडमध्ये उजेड यावा म्हणून मधूनमधून पारदर्शक पत्रे बसवलेले असतात. त्यांच्यावर धूळ बसली की ते बाकीच्यांसारखेच राखाडी दिसू लागतात. त्यावर पाय पडला तर मधे काही नाही, थेट खालची फरशी. अशा छपरावर जायचं तर फळ्या टाकून, कमरेला पट्टा बांधून, दोर पक्का अडकवूनच जायला हवं. प्रत्यक्षात ‘जरा बघून येतो’ म्हणून एखादा कामगार यातलं काहीच न घेता वर जातो. जगभर छपरावरून पडून होणाऱ्या मृत्यूंत ठिसूळ पत्र्यांतून आरपार पडण्याचा वाटा मोठा आहे. ‘जरा बघून येतो’ एवढ्यासाठी कुणाचा जीव जाऊ नये, हे मला ड्रोनच्या बाजूचं सगळ्यात भक्कम कारण वाटतं. पैसे वाचतात, वेळ वाचतो, हे सगळं त्यानंतर.

२. हवेत एका जागी थांबणारा कॅमेरा

तपासणीच्या ड्रोनला सहसा चार पंखे असतात. दोन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, दोन उलट. सगळे एकाच दिशेने फिरले असते तर ड्रोन स्वतःभोवतीच गरगरला असता. एका बाजूचे पंखे किंचित जोरात फिरवले की तो दुसऱ्या बाजूला कलतो आणि तिकडे सरकतो. कललेपणा मोजणारे बारीक संवेदक दर सेकंदाला शेकडो वेळा मोजणी करतात आणि त्यानुसार पंख्यांचा वेग बदलला जातो. जागा कळते उपग्रहांकडून, उंची कळते हवेच्या दाबावरून. त्यामुळे उडवणाऱ्याने हात सोडला तरी ड्रोन आहे तिथे थांबून राहतो. छप्पर पाहायला उडण्यापेक्षा हे थांबणंच जास्त कामाचं.

‘थ्री इडियट्स’ या २००९ सालच्या चित्रपटात वसतिगृहाच्या खिडकीबाहेर उडणारं यंत्र आठवत असेल. ते बनवणारी आयडियाफोर्ज ही मुंबईची कंपनी आयआयटीतल्या तरुणांनी २००७ साली काढली. तेव्हा चमत्कार वाटलेली गोष्ट आज तालुक्याच्या गावात भाड्याने मिळते.

मर्यादाही इथेच सांगून ठेवतो. लहान ड्रोनची बॅटरी साधारण वीस ते तीस मिनिटं चालते, त्यातली शेवटची काही मिनिटं परतीसाठी राखायची असतात. सेकंदाला दहा मीटरच्या आसपास वारा असेल तर लहान ड्रोन खाली ठेवलेला बरा. देवासजवळच्या जामगोदराणीच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उगाच नाहीत. या पठारावर दुपारी वारा चांगलाच उठतो. म्हणून उड्डाण सकाळी करावं.

३. किती जवळून पाहायचं?

वीस मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे असं सांगितलं की गिऱ्हाईक खूश होतं. पण खरा प्रश्न वेगळा आहे : फोटोतला एक ठिपका छपरावरच्या किती जागेएवढा आहे?

एक हिशेब करून पाहू. अशा ड्रोनवर बऱ्याचदा असणाऱ्या एका कॅमेऱ्याच्या आतली प्रकाश टिपणारी पट्टी १३.२ मिलिमीटर रुंद असते आणि भिंगाचं नाभीय अंतर ८.८ मिलिमीटर. १३.२ भागिले ८.८ म्हणजे दीड. याचा अर्थ, जितक्या अंतरावरून फोटो काढाल त्याच्या दीडपट रुंदी फोटोत मावते. दहा मीटरवरून काढला तर पंधरा मीटर छप्पर दिसेल. फोटोच्या रुंदीत ठिपके आहेत ५,४७२. पंधरा मीटर म्हणजे १५,००० मिलिमीटर. त्याला ५,४७२ ने भागा. उत्तर साधारण २.७ मिलिमीटर.

म्हणजे दहा मीटरवरून एक ठिपका पावणेतीन मिलिमीटरचा. तीस मीटरवरून तोच आठ मिलिमीटरचा होतो आणि पाच मीटरवरून जेमतेम दीडचा. एखादी गोष्ट नीट ओळखायला ती निदान दोन-तीन ठिपक्यांएवढी तरी असावी लागते. हरवलेलं कौल तीस मीटरवरूनही दिसेल. पण स्लॅबवरची तीन मिलिमीटरची भेग पाहायची तर पाच मीटरपर्यंत खाली उतरावं लागेल, आणि केसाएवढी भेग नेहमीच्या कॅमेऱ्याने खात्रीने दिसणारच नाही.

उंचावरून काढलेला एक देखणा फोटो म्हणजे तपासणी नव्हे, हे या हिशेबावरून ध्यानात येईल. चांगला तपासनीस आधी उंचावरून सगळ्या छपराचा नकाशा घेतो, मग संशयाच्या जागी खाली उतरून तिरप्या कोनातून पुन्हा फोटो घेतो. तिरपा कोन आणि सकाळचं कलतं ऊन महत्त्वाचं, कारण उचललेल्या कौलाची सावली पडते. भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात सगळं छप्पर सपाट दिसतं.

४. काय शोधायचं?

कौलारू छपरावर आधी आढं पाहावं. आढ्यावरची कौलं चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बसवलेली असतात. ती भरण सुटली की पाणी दोन्ही उतारांवर आतून पसरतं. मग दोन उतार मिळतात ती घळ पाहावी. वाऱ्याने आणलेला पाला तिथेच साठतो. शेवटी बाजूने उडून आढ्याची रेघ पाहावी. ती मधे खचलेली असेल तर दोष कौलांचा नाही, खालच्या लाकडाचा आहे, आणि तिथे सुताराला आत माळ्यावर चढवायचं आहे.

पत्र्याच्या शेडवर बोल्ट आणि त्यांचे वायसर पाहायचे. रबर उन्हाने तडकलं की भोकातून पाणी उतरतं आणि खाली गंजाची तांबडी रेघ ओघळते. ही रेघ वरून फार स्पष्ट दिसते. दोन शेडच्या मधलं गटर तर प्रत्येक पावसाळ्याआधी पाहायला हवं. ते तुंबलं की जोराच्या एका सरीत पाणी उलटं फिरून कारखान्यात उतरतं. पिथमपूरसारख्या ठिकाणी शेडची लांबी शेकडो मीटर असते. तिथे असं गटर माणसाने चालत पाहायचं म्हणजे अर्धा दिवस ठिसूळ पत्र्यांच्या शेजारून चालणं.

स्लॅब सगळ्यात अवघड. गच्चीवर तर जिन्याने जाता येतं, मग ड्रोन कशाला? जिथे जाता येतं तिथे जाऊनच पाहावं, हेच बरोबर. ड्रोन लागतो तो जिन्याच्या खोलीच्या माथ्यासाठी, पाण्याच्या टाकीच्या झाकणासाठी, छज्ज्यांसाठी आणि बाहेरच्या भिंतींसाठी. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांना आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा करावी लागते. त्या तपासणीत बाहेरच्या बाजूचे फोटो ड्रोनने घेता येतात. पण अभियंत्याने हातोडीने प्लास्टर ठोकून पाहणं त्यामुळे टळत नाही. पोकळ जागी ठोकल्यावर येणारा बद्द आवाज कोणत्याही फोटोत येत नाही.

५. ओल उष्णतेतून कशी दिसते?

काही ड्रोनवर उष्णता टिपणारा कॅमेरा असतो. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार न दिसणारे किरण बाहेर टाकते. हा कॅमेरा ते किरण पकडून तापमानाचा रंगीत नकाशा काढतो. गळती ‘शोधून देणारा’ म्हणून ज्याची जाहिरात होते तो हाच.

त्यामागचं तत्त्व घरात पाहता येतं. पाण्याने भरलेलं पातेलं आणि रिकामं पातेलं तापवून खाली ठेवा. रिकामं लगेच निवतं, भरलेलं बराच वेळ गरम राहतं. तेवढ्याच वजनाच्या काँक्रीटपेक्षा पाणी चौपटीहून जास्त उष्णता साठवतं. दिवसभर तापलेली गच्ची सूर्यास्तानंतर निवू लागते तेव्हा ज्या भागाच्या पोटात पाणी साठलेलं आहे तो उशिरा निवतो आणि नकाशात उबदार डाग म्हणून दिसतो.

पण हे जमायला दिवस कोरडा आणि उन्हाचा हवा, आकाश मोकळं हवं, वारा कमी हवा. नुकताच पाऊस पडून गेला असेल तर सगळी गच्ची ओली असते आणि नकाशाचा काही उपयोग नसतो. शिवाय उबदार डाग ओलीमुळेच पडतो असंही नाही. खाली तुळई असेल, वर कोबा जाड असेल, शेजारच्या भिंतीने दुपारी सावली दिली नसेल, तरी डाग दिसतो. म्हणून नकाशावर खूण झालेल्या जागी ओल मोजण्याचं यंत्र टेकवून खातरजमा करावीच लागते. उष्णतेच्या एकट्या नकाशावरून सगळी गच्ची उखडण्याचा सल्ला कुणी देत असेल तर त्याला थांबवा.

६. मांडूचे घुमट आणि पिंपळाचं बी

धारपासून सुमारे पस्तीस किलोमीटरवर मांडू. तिथली होशंगशाहची संगमरवरी कबर पंधराव्या शतकातली. १६५९ साली शाहजहानच्या पदरचे वास्तुविशारद ती पाहायला आले होते, तसा लेख दाराशी कोरलेला आहे. शेजारच्या जामा मशिदीचं काम १४५४ साली पूर्ण झालं. तिच्या छपरावर तीन मोठे घुमट आणि त्यांच्या भोवती लहान घुमटांच्या रांगा आहेत. छपराच्या दृष्टीने पाहिलं तर हा फार अवघड प्रकार आहे, कारण दर चार घुमटांच्या मधे एक खोलगट जागा तयार होते. पाणी तिथे येतं, धूळ तिथे बसते, आणि पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेलं वडा-पिंपळाचं बी तिथेच रुजतं.

पिंपळाचं रोप वीतभर असताना उपटून काढता येतं. दोन-तीन पावसाळे गेले की मूळ चुन्याच्या सांध्यात शिरून दगड उचलायला लागतं आणि मग ते काढणं म्हणजे बांधकाम उकलणं. इथे ड्रोनचा खरा उपयोग आहे, कारण वरची हिरवी पानं करड्या दगडावर लगेच उठून दिसतात. घुमटावर पाय न ठेवता, परांची न बांधता, प्रत्येक खोलगट जागा पाहून होते. पण मांडूच्या या वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. तिथे ड्रोन उडवायचा तो त्यांच्या परवानगीनेच. हौशी पर्यटकाने उडवलेला ड्रोन घुमटावर आदळला तर नुकसान कायमचं होतं.

असे शेकडो फोटो एकमेकांवर सत्तर-ऐंशी टक्के चढतील अशा बेताने काढले, तर त्यांतून वास्तूची त्रिमितीय प्रतिकृती तयार होते. एकच जागा दोन ठिकाणांहून थोडी वेगळी दिसते आणि त्या फरकातून तिचं अंतर काढता येतं. आपले दोन डोळेही खोली अशीच ओळखतात. प्रतिकृतीवर मापं घेता येतात. पुढच्या वर्षी पुन्हा तशीच काढली की दोन्हींतला फरक मोजता येतो. पॅरिसचं नोत्र दाम १५ एप्रिल २०१९ रोजी जळालं तेव्हा अग्निशमन दलाने ड्रोन उडवून आग कुठवर गेली आहे ते पाहिलं आणि पाण्याचे झोत तिकडे वळवले. पुढे पुनर्बांधणीच्या वेळी अँड्र्यू टॅलन या कलेतिहासकाराने आगीच्या काही वर्षं आधी लेसरने करून ठेवलेली मोजणीही कामी आली. आपल्याकडच्या वास्तूंची अशी नोंद त्या धडधाकट असतानाच व्हायला हवी.

धारच्या छपरांबद्दल लिहायचं आणि भोजराजाचं नाव घ्यायचं नाही, हे बरं दिसणार नाही. त्याच्या नावावरचा ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत १९२४-२५ साली छापला गेला. त्याच्या एकतिसाव्या अध्यायात यंत्रं आहेत. त्यात लाकडी पक्ष्याच्या पोटात पारा तापवून उडण्याचं वर्णन आहे, आणि यंत्रांची घडण मुद्दाम गुप्त ठेवली आहे असंही म्हटलं आहे. त्या वर्णनाबरहुकूम काही उडणार नाही. पण याच ग्रंथात घराच्या दोषांवर वेगळा अध्याय आहे. तो मला जास्त जवळचा वाटतो, कारण बांधलेलं घर पुन्हा पुन्हा पाहावं लागतं ही जाण त्यात आहे.

७. चिमणी

आता कारखान्याच्या चिमणीकडे येऊ. ती इतकी उंच का असते? धूर जितका वर सोडावा तितका तो पातळ होऊन दूर पसरतो. किती उंच हवी, हे ठरवायला आपल्याकडे एक सूत्र वापरतात : ताशी किती किलो सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो ते घ्या, त्याचा ०.३ वा घात काढा, १४ ने गुणा, उत्तर मीटरमध्ये. मात्र ते तीस मीटरपेक्षा कमी आलं तर किमान तीस धरायचं.

समजा, बॉयलर ताशी दोन टन कोळसा जाळतो आणि त्यात गंधक अर्धा टक्का आहे. म्हणजे ताशी दहा किलो गंधक. जळताना ते स्वतःच्या वजनाएवढाच ऑक्सिजन घेतं, म्हणून वायू होतो वीस किलो. वीसचा ०.३ वा घात सुमारे २.४६. त्याला १४ ने गुणलं की ३४ मीटर. म्हणजे अकरा मजली इमारतीएवढी. कोळसा ताशी अर्धाच टन असेल तर सूत्र सांगतं पावणेतेवीस मीटर, पण बांधायची तीस.

या ३४ मीटरच्या टोकाशी काय घडतं ते पाहू. चिमणीतला वायू वर जाताना थंड होत जातो. त्याचं तापमान साधारण १२० ते १५० अंशांच्या खाली आलं की त्यातली गंधकाची ऑक्साइडं आणि वाफ मिळून गंधकाम्लाचे थेंब आतल्या बाजूला धरू लागतात. त्यामुळे चिमणी सगळ्यात आधी कुजते ती माथ्याला. नेमकी तिथेच, जिथे खालून काही दिसत नाही. विटांच्या चिमणीत माथ्याच्या थरांतला चुना खाल्ला जातो आणि विटा सुटतात. लोखंडी चिमणीत पत्रा आतून पातळ होतो आणि बाहेरून रंग धड असतो.

ड्रोन इथे जे पाहून येतो त्याची यादी बरीच मोठी आहे : माथ्याची कड, विटांवरचे लोखंडी पट्टे, उभ्या भेगा, वीजवाहकाची पट्टी कुठे सुटली आहे का, शिडीचे आणि पिंजऱ्याचे बोल्ट, नमुना घेण्याच्या फलाटाची जाळी, लोखंडी चिमणीला ताणून धरणारे दोर आणि त्यांच्या पकडी. शिडीचे बोल्ट मी मुद्दाम सांगतोय. पुढे दुरुस्तीला जो माणूस त्या शिडीवरून चढणार आहे, त्याच्यासाठी ती आधी पाहून ठेवणं अत्यावश्यक आहे.

झुकलेपणही कळतं. चिमणीच्या मध्यावर उंची ठेवून एकमेकांशी काटकोनात असलेल्या दोन दिशांनी फोटो घ्यायचे. अर्धा अंश झुकाव डोळ्यांना जाणवत नाही, पण ३४ मीटरवर तो माथ्याला सुमारे तीस सेंटिमीटर सरकवतो. फोटोत असं काही वाटलं तर पुढची मोजणी भूमापकाच्या यंत्राने करायची. भिंगामुळे फोटोतल्या रेषा थोड्या वाकतात.

चालू चिमणीला उष्णतेचा कॅमेरा फार उपयोगी पडतो. आत विटांचं अस्तर असतं. ते एखाद्या ठिकाणी गळून पडलं की बाहेरची भिंत तेवढीच तापते आणि नकाशात ठळक ठिपका येतो. भट्टी बंद न करता हे कळतं, आणि भट्टी बंद ठेवण्याचा एकेक दिवस कारखान्याला महाग पडतो. पण चालू चिमणीच्या तोंडावरून ड्रोन कधीही न्यायचा नाही. गरम हवा विरळ असते, पंख्यांना ती धरता येत नाही, शिवाय तिचे झोत वेडेवाकडे असतात. वाऱ्याच्या बाजूने, आठ-दहा मीटर अंतर राखून पाहायचं. लोखंडाच्या फार जवळ गेलं की ड्रोनचं होकायंत्रही भरकटतं.

आणि चिमणीच्या आत? तिथे उपग्रहांचा संकेत पोहोचत नाही, अंधार असतो, भिंती चारही बाजूंनी जवळ. त्यासाठी फ्लायअ‍ॅबिलिटी या स्विस कंपनीने एलिओस नावाचा ड्रोन काढला. त्याच्याभोवती कार्बन तंतूंचा गोल पिंजरा असतो, त्यामुळे तो भिंतीला धडकला तरी पडत नाही. बंद आणि थंड केलेल्या चिमणीतच तो सोडतात. पूर्वी आत दोरखंडाने माणूस उतरवत. काजळी, विषारी वायू आणि वरून सुटणारी वीट, तिन्हींच्या तोंडी.

ड्रोनने पत्र्याची जाडी कळत नाही, ती मोजायला बहुतेक वेळा यंत्र पत्र्याला टेकवावंच लागतं. फक्त कुठे टेकवायचं हे आधी ठरतं आणि माणूस एकदाच वर जातो.

८. चिमणीतून काय बाहेर पडतं, हा निराळा प्रश्न

पिथमपूरच्या लोकांना चिमणीबद्दल विचारलं तर ते भेगांबद्दल बोलणार नाहीत. जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा बारा कंटेनरांतून तिथल्या भस्मीकरण केंद्रात आणला गेला. त्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. कचरा पुढे टप्प्याटप्प्याने जाळण्यात आला. चाळीस वर्षं ज्या कचऱ्याला हात लावायला कुणी धजत नव्हतं तो आपल्या गावात जळणार, ही भीती अगदी रास्त होती.

अशा वेळी ‘ड्रोनने चिमणी तपासली, सगळं ठीक आहे’ असं कुणी म्हटलं तर त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. फोटो सांगतो चिमणी शाबूत आहे की नाही. तिच्यातून काय बाहेर पडतंय ते सांगत नाही. त्यासाठी चिमणीच्या अंगावरच्या ठरावीक छिद्रातून वायू ओढून प्रयोगशाळेत तपासतात आणि मोठ्या उद्योगांत सतत मोजणारी यंत्रं बसवतात. वायू हुंगणारे संवेदक ड्रोनवर लावता येतात, पण पंख्यांच्या झोताने हवा ढवळली जाते आणि आकडा ढोबळच मिळतो. धूर कुठल्या वस्तीकडे जातोय हे पाहायला तो चालेल, निर्वाळा द्यायला नाही.

९. उडवण्याआधी

ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झाले. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, दोन किलोपर्यंतचा मायक्रो, पंचवीस किलोपर्यंतचा लहान. छप्पर पाहायला बहुधा मायक्रो पुरतो. मोबदला घेऊन मायक्रो उडवणाऱ्याकडे वैमानिकाचं प्रमाणपत्र हवं, ड्रोनला नोंदणी क्रमांक हवा, तिऱ्हाईताच्या नुकसानीचा विमा हवा. ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर हिरव्या भागात १२० मीटरपर्यंत उडायला वेगळी परवानगी लागत नाही, विमानतळापासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा साठ मीटर आहे. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रणाची आणि लाल भागात केंद्र सरकारची परवानगी लागते. पोलीस एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लालही करू शकतात. देवासला नोटांचा छापखाना आहे आणि पिथमपूरजवळ महूची लष्करी छावणी. म्हणून इथे दर उड्डाणाआधी त्या दिवशीचा नकाशा पाहायलाच हवा. नियम मोडल्यास दंड एक लाखापर्यंत होऊ शकतो.

कायद्यात नसलेल्या दोन गोष्टी माळव्यात आवर्जून पाहाव्यात. एक आग्या मोहोळ. ते उंच घुमटांच्या, टाक्यांच्या, चिमण्यांच्या आडोशाला लटकतं आणि ड्रोनच्या घरघरीने उठलं तर खालच्या माणसांवर तुटून पडतं. आधी दुर्बिणीने पाहून घ्यावं, मोहोळ असेल तर तिकडे जाऊच नये. दुसरी संक्रांत. मांजा हवेत दिसत नाही आणि पंख्यात गुंतला की ड्रोन दगडासारखा खाली येतो.

शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगावं. गच्चीवर कुणी कुरडया वाळत घालत असेल, कुणी झोपलं असेल. त्यांच्या डोक्यावर न सांगता कॅमेरा नेणं चांगलं नाही.

१०. काम देताना काय मागायचं?

चित्रफीत मागू नका, मूळ फोटो मागा. प्रत्येक फोटोत तारीख, वेळ आणि जागा नोंदलेली असते. छपराचा एक साधा आराखडा आणि त्यावर क्रमांक टाकलेले दोष मागा. दर दोषासाठी एक लांबचा आणि एक जवळचा फोटो असावा, आणि तो किती अंतरावरून घेतला ते लिहिलेलं असावं, म्हणजे ठिपक्याचा हिशेब तुम्हालाही करता येईल. उडवणारा आणि निदान करणारा एकच असेल असं धरून चालू नका. ड्रोन उत्तम उडवणाऱ्याला कौलातलं काही कळत नसतं, आणि कौलं जाणणाऱ्या गवंड्याला फोटो दाखवला तर तो दोन मिनिटांत बोट ठेवतो. दोघांना एकत्र बसवा.

पहिलं उड्डाण जेठात, शाकारणीच्या आधी. दुसरं दसऱ्यानंतर, पाऊस पुरता उघडल्यावर. दोन्ही वेळी त्याच जागांवरून, त्याच उंचीवरून. सगळे फोटो एका ठिकाणी, वर्षावार ठेवा आणि संस्थेचा कारभारी बदलला की ते नव्या कारभाऱ्याच्या हवाली करा. पहिल्या वर्षी एखादी भेग जुनी आहे की नवी, वाढते आहे की स्थिर, हे कुणालाच सांगता येणार नाही. तिसऱ्या वर्षी ते फोटो शेजारी ठेवून कुणीही सांगू शकेल.